ऑपरेशन थिएटरातल्या हवेलाही एक आकडा द्या : भूलवायूंच्या मर्यादेबाबत खुलं पत्र

प्रति,
संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य
आणि
आयुक्त, नाशिक महानगरपालिका

सन्माननीय महोदय / महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ आहे. कुठल्याही एका हॉस्पिटलात नोकरीला नाही. सकाळी गंगापूर रोडला सिझेरियन, दुपारी सिडकोत हर्निया, रात्री फोन आला तर नाशिक रोडला अपघाताची केस, अशी माझी फिरती असते. गाडीच्या डिकीत कायम माझी बॅग आणि सेवोफ्लुरेन या भूलऔषधाची बाटली. या निमित्तानं शहरातली कितीतरी ऑपरेशन थिएटरं (ओटी) मी आतून पाहिली आहेत. चकचकीत मॉड्युलरही पाहिली आणि बंगल्याच्या बेडरूमला फरशा लावून केलेलीही. हे पत्र कुणा एका हॉस्पिटलविरुद्ध नाही. या सगळ्या खोल्यांत एक गोष्ट मला सारखीच दिसली, म्हणून लिहिते आहे. आत राबणारी माणसं दिवसभर कसली हवा घेतात हे कुणी मोजत नाही, आणि किती झालं म्हणजे जास्त झालं हे आपल्याकडं कुणी ठरवलेलंच नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारी टॉन्सिलची लिस्ट होती, पाच मुलं. लहान मुलाला सुई टोचण्याआधी मास्कनंच झोपवावं लागतं. मूल रडतं, मान फिरवतं, मास्क गालावरून सरकतो आणि सेवोफ्लुरेन भसाभस बाहेर येतो. मुलांना आम्ही जे सर्किट लावतो त्याच्या पिशवीचं शेपूट उघडं असतं, त्यामुळं मुलाचा उच्छ्वास आणि जास्तीचा वायू थेट खोलीत जातो. त्या दिवशी मुलाचं डोकं धरायला माझ्या शेजारी जी सिस्टर उभी होती, तिला तिसरा महिना होता. मला माहीत नव्हतं. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की वॉर्डात बदली आणि ओटीचे जास्तीचे पैसे बंद. तिसऱ्या मुलाच्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, डोकं जड झालंय, जरा बाहेर जाऊन येऊ?" मी म्हटलं, "एवढं मूल झोपू दे, मग जा." ती थांबली. पुढच्या पंधरवड्यात तिचा गर्भ पडला.

तो वायूमुळं पडला असं मी म्हणत नाही. शंभरातले दहा-पंधरा गर्भ असेच पडतात, आणि बहुतेकांचं कारण कळतही नाही, हे मी डॉक्टर म्हणून जाणते. पण कामावर परतल्यावर तिनं मला विचारलं, "मॅडम, त्या गॅसमुळं झालं असेल का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. ठामपणे 'नाही' म्हणायलाही आधार नव्हता, कारण त्या खोलीत वायू किती होता हे कुणी कधी मोजलेलंच नव्हतं. हे पत्र तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आता थोडा हिशोब मांडते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच अशी आपल्याकडची साधी ओटी घ्या. तिच्यात साधारण ८५,००० लिटर हवा मावते. जुन्या पद्धतीनं भूल देताना मिनिटाला ४ लिटर नायट्रस ऑक्साइड सोडला जातो. रुग्णाच्या शरीरात सुरुवातीच्या काही मिनिटांनंतर त्यातला फारच थोडा शोषला जातो, बाकीचा मशिनच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तो खिडकीबाहेर नेणारी नळी नसेल तर खोलीतच राहतो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं नायट्रससाठी सुचवलेली मर्यादा २५ पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. आपल्या खोलीच्या मापानं हे झाले जेमतेम दोन लिटर. म्हणजे हवा खेळती नसेल तर अर्ध्या मिनिटात मर्यादा ओलांडली जाते. ऑपरेशन चालतं दीड तास.

खोलीत हवा खेळते की, असं कुणी म्हणेल. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या निकषांप्रमाणं ओटीतली हवा तासाला किमान २० वेळा बदलली पाहिजे आणि त्यातल्या किमान ४ वेळा ती बाहेरची ताजी असली पाहिजे. या ताज्या हवेच्या हिशोबानंही, नळी नसेल तर वरच्या उदाहरणातलं प्रमाण ७०० पीपीएमच्या आसपास जाऊन थांबतं. वीसच्या वीस वेळा ताजी हवा दिली तरी १४० राहतं. आणि आपल्या निम्म्या छोट्या हॉस्पिटलांत भिंतीवर काय असतं, हे मी आपल्याला सांगायला नको. स्प्लिट एसी. तो बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा, वायूसकट, थंड करून परत देतो.

नाकावर भरवसा ठेवता येत नाही. नायट्रसला मंद गोडसर वास असतो, तो मास्कच्या गर्दीत कळतही नाही. पूर्वीच्या हॅलोथेन या भूलऔषधाबद्दल तर नायॉशनंच नोंदवलं आहे की निम्म्या लोकांना त्याचा वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण सुचवलेल्या मर्यादेच्या सव्वाशे पट झालेलं असतं. म्हणून एखादी सिस्टर "आज वास येतोय" म्हणते, तेव्हा मी आता मशिनकडं धावते. आधी धावत नव्हते. २१ एप्रिल २०२१ ला या शहरानं ऑक्सिजनच्या टाकीची गळती पाहिली. हॉस्पिटलच्या आवारात पांढरे लोट उठले आणि आत वीसहून अधिक रुग्ण गेले. तो दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. त्या दु:खाची बरोबरी मी कशाशीच करणार नाही. एवढंच म्हणते की ती गळती डोळ्यांना दिसली. मी ज्या गळतीबद्दल लिहिते आहे ती दिसत नाही, आणि ती रोजची आहे.

या वायूंचा कामाच्या जागी त्रास होतो का, हा प्रश्न जुना आहे. १९६७ मध्ये सोव्हिएत रशियातल्या वाइसमन यांनी भूलतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातल्या ३१ गर्भारपणांपैकी १८ मध्ये गर्भपात झाल्याचं निघालं आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतर ढीगभर पाहण्या झाल्या. त्यातल्या पुष्कळशा कच्च्या आहेत, हे मान्य केलं पाहिजे. प्रश्नावल्या पाठवायच्या आणि ज्यांच्या घरात दु:ख झालं त्यांनीच मन लावून उत्तरं द्यायची, अशानं आकडे फुगतात. पण सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांकडच्या मदतनीस मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथं नळी नव्हती आणि आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रसमध्ये काम होतं, तिथल्या स्त्रियांना दर पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५९ टक्क्यांनी कमी आढळली. आणि जिथं वायू ओढून बाहेर टाकण्याची सोय होती, तिथल्या स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही. मला या अभ्यासातलं दुसरं वाक्य पहिल्याहून मोलाचं वाटतं. वायू तोच होता आणि कामही तेच, फरक होता तो नळीचा.

नायट्रस शरीरात काय करतो, याबद्दल तर वाद नाही. तो बी-१२ जीवनसत्त्वातल्या कोबाल्टवर घाला घालतो, ते जीवनसत्त्व निकामी होतं आणि त्याच्या जोरावर चालणारं, नव्या पेशी घडवायला लागणारं विकर (एन्झाइम) थंडावतं. हे वाचताना मला आमच्या ओटीतल्या मदतनीस मावश्या आठवतात. इथं जरा थांबून बोलायला हवं. आपल्याकडं कितीतरी बायका शाकाहारी, त्यातही दूध-दही आधी नवऱ्याला, मग मुलांना, उरलं तर आपल्याला. त्यांच्या रक्तात बी-१२ आधीच तळाला गेलेलं असतं. परदेशातल्या मर्यादा ठरल्या त्या तिथल्या माणसांसाठी. आपल्या मावशीला तोच आकडा सैल पडू शकतो. म्हणून मला वाटतं, आपला आकडा ठरवताना तिचं ताट डोळ्यांसमोर असावं.

आकड्यांबद्दल जगात एकमत नाही, तेही सांगते. नायॉशनं १९७७ मध्ये नायट्रससाठी २५ पीपीएम आणि हॅलोथेनसारख्या वाफेच्या औषधांसाठी २ पीपीएम सुचवलं. ती शिफारस आहे, अमेरिकेतही तिला कायद्याचं बळ नाही. शिवाय आज आम्ही रोज वापरतो ती सेवोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन तेव्हा बाजारात नव्हती. ब्रिटननं १९९६ पासून आठ तासांच्या सरासरीवर नायट्रससाठी १००, आयसोफ्लुरेनसाठी ५० आणि हॅलोथेनसाठी १० अशा मर्यादा लावल्या. कुणी २ म्हणतं, कुणी ५०. माझे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, २ हा आकडा आरोग्यावरून आलाच नाही, त्या काळच्या यंत्रांना जेवढं कमीत कमी मोजता येत होतं त्यावरून आला. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मी त्यांना विचारते, तो आकडा गाठता येतो की नाही? ज्या थिएटरात नळी नीट आहे, मशिनची गळती तपासलेली आहे आणि भूलतज्ज्ञ वायूच्या कमी प्रवाहावर काम करतो, तिथं गाठता येतो. मग चांगल्या कामानं जो आकडा गाठता येतो, तोच नियम का असू नये?

आकडा असला की काय होतं याचं उदाहरण ब्रिटनमध्येच घडलं. २०२२-२३ मध्ये तिथल्या काही प्रसूती विभागांत हवा मोजली गेली, कळांसाठी दिला जाणारा नायट्रस मर्यादेच्या फार वर गेल्याचं दिसलं, आणि काही हॉस्पिटलांनी तो देणं तात्पुरतं थांबवून आधी हवेची सोय केली. तिथल्या सुईणींना कुणापुढं रडावं लागलं नाही. १०० हा आकडा कागदावर होता आणि यंत्रानं त्याहून मोठा आकडा दाखवला, एवढं पुरलं. माझ्या सिस्टरकडं काय होतं? "डोकं जड झालंय" एवढंच. डोकं जड होणं कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही.

नाशिकला पीपीएम शिकवावं लागत नाही, साहेब. निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा. एक किलो द्राक्षात किती मिलिग्रॅम औषध उरलं, म्हणजे दहा लाखांत किती भाग, हे तो तोंडपाठ सांगेल. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची याचं पान त्याच्या वहीत असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि इथं घरंच्या घरं हादरली. माल जाण्याआधी प्रयोगशाळेचा कागद लागतोच. युरोपातल्या न पाहिलेल्या मुलाच्या तोंडात जाणाऱ्या द्राक्षाची एवढी काळजी आपण घ्यायला शिकलो, आणि ते शिकणं योग्यच होतं. तोच बागायतदार जेव्हा बायकोला सिझेरियनसाठी शहरात आणतो, तेव्हा तिच्या उशाशी आठ तास उभ्या राहणाऱ्या मुलीच्या छातीत काय जातं, याचा कागद मात्र कुणाकडंच नाही.

संचालक महोदय, आपल्या खात्याला सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती नवीन नाहीत. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि अमोनिया, क्लोरीन, बेंझिन अशा रसायनांच्या हवेतल्या मर्यादांची यादी कायद्यात आली. एमआयडीसीतल्या कामगाराच्या नाकासमोर मर्यादा आहे, ती पाळली जात नसेल तर निदान बोट दाखवायला जागा आहे. तोच कामगार हात कापला म्हणून रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात येतो, तिथं त्याला भूल देताना जो वायू सुटतो त्याला काहीच मर्यादा नाही, कारण हॉस्पिटल हा कारखाना नाही. नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली हॉस्पिटलंही आता तिच्याखाली येतात. पण रसायनांच्या मर्यादा राज्यानं ठरवाव्यात असं जे कलम आहे, त्यातही शब्द कारखान्याचे आणि उत्पादन प्रक्रियेचेच आहेत. आमच्या खोलीत उत्पादन होत नाही. पण त्याच संहितेत मालकानं कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवली पाहिजे असंही म्हटलं आहे. त्या आधारावर राज्याचे नियम करताना भूलवायूंचं एक पान आपण जोडावं, ही माझी पहिली विनंती.

त्या पानावर काय असावं, तेही सांगते. नायट्रससाठी २५ आणि वाफेच्या प्रत्येक औषधासाठी २, हे गाठायला छोट्या हॉस्पिटलांना दोन वर्षं द्या. पण नायट्रससाठी १०० आणि वाफेच्या औषधांसाठी ५० च्या वर पहिल्या दिवसापासून कुणालाही जाता येऊ नये. मोजमाप भूलतज्ज्ञाच्या खुर्चीपाशी करून थांबू नका. मावशीच्या कॉलरला वायू मोजणारा बिल्ला लावून करा. आणि रिकव्हरीत जरूर करा. रिकव्हरी म्हणजे आपल्याकडं बहुतेक वेळा ओटीबाहेरचा बिनखिडकीचा पॅसेज, दोन खाटा आणि एक स्टूल. भुलेतून बाहेर येणारा रुग्ण प्रत्येक श्वासाबरोबर वायू सोडत असतो, आणि मावशी त्याचं तोंड पुसायला, "उठा, डोळे उघडा, श्वास घ्या" म्हणायला त्याच्या तोंडाशी वाकलेली असते. आमच्या मशिनला निदान व्हॉल्व्ह असतो. रुग्णाच्या नाकाला नळी कोण लावणार? तिथं भिंतीत एक चांगला एक्झॉस्ट आणि समोरून ताजी हवा, एवढं केलं तरी फरक पडेल.

आयुक्त महोदय, आपल्याकडं याहून सोपं हत्यार आहे. शहरातल्या प्रत्येक नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडं असते आणि तिचं नूतनीकरण ठरावीक वर्षांनी करावं लागतं. अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, असे कागद त्यासोबत जोडावे लागतात. त्यात एका ओळीची भर घाला : भूलयंत्राचा जास्तीचा वायू इमारतीबाहेर नेण्याची सोय आहे का, आणि यंत्राची गळती शेवटची कधी तपासली? सुरुवातीला एवढंच. ही सोय महाग नाही. साध्या स्वरूपात ती एक रुंद नालीदार नळी असते, व्हॉल्व्हपासून निघून भिंतीपार गेलेली. पण ती जाणत्या माणसानंच बसवावी, हेही त्याच ओळीत लिहा. नळी कुठं मुडपली किंवा तोंड बंद झालं तर दाब उलटा रुग्णाच्या फुप्फुसात चढतो, आणि सक्शन थेट व्हॉल्व्हला जोडलं तर रुग्णाचा श्वासच ओढला जातो. मध्ये हवेला मोकळी वाट ठेवणारा जोड लागतो. एका ठिकाणी मी स्वतः मागे लागून नळी बसवून घेतली होती. वर्षभरानं गेले तर खिडकीतलं भोक बुजलेलं. रंगकाम करणाऱ्यानं नळी काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती, परत लावायला कुणी सांगितलंच नाही. कागदावर प्रश्न असता तर कुणीतरी लावली असती.

आणि नायट्रस खरोखर लागतो का, हेही आम्ही भूलतज्ज्ञांनी स्वतःला विचारायला हवं. हवा आणि ऑक्सिजनवर, कमी प्रवाहात, किंवा कमरेत सुई देऊन कितीतरी केसेस नायट्रसशिवाय सुखरूप होतात. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांनी मोजलं तेव्हा मध्यवर्ती पाइपलाइनमधला पुष्कळसा नायट्रस रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता, वाटेतच गळत होता. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. ओटी टेक्निशियनच्या मुलांना मशिनची गळती तपासायला तिथल्या अभ्यासक्रमातून हातानं शिकवलं गेलं, तर उद्याच्या प्रत्येक थिएटरात एक जाणता माणूस असेल.

गर्भार सिस्टरला किंवा मावशीला ओटीतून बाहेर काम हवं असेल तर तिचे पैसे कापले जाऊ नयेत, हेही नियमात लिहा. नाहीतर ती सांगणारच नाही.

मोजणी पहिल्यांदा करायची असेल तर माझ्या कामाच्या जागांपासून करा. जी हॉस्पिटलं तयार आहेत त्यांची नावं मी त्यांच्या परवानगीनं आपल्याला कळवते. आपला निरीक्षक एखाद्या शनिवारी सकाळी आठला टॉन्सिलच्या लिस्टला येऊन उभा राहिला तरी चालेल. त्याच्यासाठी टोपी, चपला आणि मास्क मी काढून ठेवीन. यंत्र त्यानं माझ्याशेजारी धरू नये, मुलाचं डोकं धरून उभ्या असलेल्या सिस्टरच्या खांद्याशी धरावं.

आपली,
नाशिकमधली एक भूलतज्ज्ञ